"आल्यावर बघू" वर विश्वास ठेवून विमानात बसू नकोस

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप गेली. मेकॅनिकल, तिसरं वर्ष, नाशकातलं कॉलेज, मार्चपासून सहा महिने जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कंपनीत प्लेसमेंट (म्हणजे इंटर्नशिप), आणि प्रश्न काय तर कुकर किती लिटरचा न्यावा आणि थंडीचे कपडे इथून घ्यावेत का तिकडून. ते सांगतो खाली. पण मधेच तू एक ओळ टाकली आहेस, "क्रेडिट, टर्मचं ऑफिसात विचारलं, ते म्हणाले जाऊन या, आल्यावर बघू". म्हणजे त्या सहा महिन्यांचं काम आणि हजेरी कॉलेज धरणार की नाही, ते सगळं तोंडीच. बाकी कुणी त्या ओळीकडे बघितलंच नाही. मी तुझ्याहून बराच मोठा आहे म्हणून सरळ एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

जानेवारी 2019 मध्ये मला अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं. नाशकातलंच कॉलेज, नाव घेत नाही, अजून तिथे ओळखीची पोरं शिकतात. मी पण तिसऱ्या वर्षाला, फेब्रुवारी ते जुलै जर्मनीत, सगळे खूश, नोटीस बोर्डवर फोटो, एचओडी सरांनी पाठ थोपटली, आणि ऑफिसच्या खिडकीतले साहेब म्हणाले जाऊन ये बिनधास्त, आल्यावर बघू. मी ऑगस्टमध्ये आलो तर खिडकीत दुसरेच साहेब. त्यांनी माझं सर्टिफिकेट हातात घेतलं, एक पान, सगळं जर्मनमध्ये, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि एवढंच विचारलं, "लेखी काय आहे?" माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. अर्ज नाही, आवक नंबर (अर्ज मिळाल्याची ऑफिसातली नोंद) नाही, साधा ईमेलसुद्धा नाही, सगळं तोंडी. मग सहाव्या सेमला हजेरी नाही म्हणून टर्म ग्रँट (टर्म पूर्ण झाल्याची मान्यता) नाही, टर्म ग्रँट नाही म्हणून परीक्षा नाही, आणि लागला वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष गेलं. दोन महिने खेटे घातले. ऑफिस म्हणे विभागाला विचारा, विभाग म्हणे युनिव्हर्सिटीचा विषय आहे, पुण्याला युनिव्हर्सिटीत जाऊन आलो तर तिथे म्हणाले कॉलेजकडून पत्र आणा. पत्र कोण देणार, तर तीच खिडकी.

आमचं घर निफाड तालुक्यात, उत्पन्न सगळं द्राक्षांवर. फोनवर वडील ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मग फी परत भरायची का?" भरली. आणि त्याच सेममध्ये, मार्च 2020 ला, लॉकडाउन लागला तेव्हा तोडणीला आलेला माल वेलीवर होता आणि व्यापारी फोन उचलत नव्हते. त्या वर्षी ती फी घरात किती जड गेली ते मी बघितलंय, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

आता दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लेखी कागद नव्हता म्हणून तिकडे जर्मनीत कंपनीतपण माझं नुकसान झालं. पहिले सात आठवडे मला काम काय, तर जुनी ड्रॉइंग स्कॅन करायची, फाइलींना नवीन नंबर द्यायचे, गेजचं रीडिंग एक्सेलमध्ये टाकायचं. मला वाटायचं आपण पाहुणे, नवीन काम मागणं बरं दिसत नाही, देतील ते आपणहून. आणि तिकडच्या साहेबांना वाटत होतं हा काही बोलत नाही म्हणजे बरं चाललंय याचं. शेजारच्या टेबलावर स्पेनची एक मुलगी होती, इरॅस्मसवर, म्हणजे युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून आलेली. त्यांच्यात लर्निंग अग्रीमेंट नावाचा कागद असतो, विद्यार्थी, तिची युनिव्हर्सिटी आणि कंपनी अशा तिघांच्या सह्या जायच्या आधीच होतात, आणि त्यात काम काय करणार, किती आठवडे, त्याचं कॉलेजात काय धरणार हे लिहिलेलं असतं. तिला तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तेव्हा तिने तो कागद साहेबांसमोर ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की इथे फिक्स्चर डिझाइन लिहिलंय, ते कधी सुरू करू? सोमवारी तिला ते काम मिळालं. साहेबांना रागबिग काही नाही, उलट त्यांना बरं वाटलं की हिला काय हवंय ते कळलं. माझ्याकडे बोट ठेवायला ओळच नव्हती.

म्हणून तुझा कागद तू स्वतः बनव, कॉलेजकडे छापील फॉर्म असो नसो. दीड-दोन पानं पुरे. तारखा, आठवड्याचे तास, चार-पाच ठोस कामं (नुसतं "प्रॉडक्शनचा अनुभव" नको, "अमुक लाइनवरच्या रिजेक्शनचं विश्लेषण" असं), तिकडचा मार्गदर्शक कोण, इथला कोण, कुठल्या विषयांच्या किंवा क्रेडिटच्या बदल्यात धरणार, पुरावा काय देणार (रोजची लॉगबुक, रिपोर्ट, प्रेझेंटेशन), मार्क कोण देणार, आणि हजेरीचं काय. हजेरीचं स्पष्ट लिहून घेच, माझं सगळं तिथेच अडलं. कामांचं वर्णन कुठून आणायचं हा प्रश्न पडेल, तर व्हिसाच्या निमित्ताने ते जवळपास तयारच असतं. बाहेरच्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांना तिकडे प्लेसमेंट करायची तर चार सेमिस्टर झालेली लागतात, काम अभ्यासाशी संबंधित लागतं आणि त्यांच्या एम्प्लॉयमेंट एजन्सीची संमती लागते, तेव्हा कंपनीने तुझ्या कामाबद्दल काहीतरी लिहिलेलं असणारच. एचआरला मेल टाकून ते मागून घे आणि कॉलेजच्या अर्जाला जोड.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने, विभागप्रमुखांच्या मार्फत, आणि आवकला टाक. आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" म्हणाले तरी नाही. आठ दिवसांनी त्या नंबरचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यायचं. नकार आला तर तोपण लेखी घे, निदान वर्ष जाणार हे धरून घरी बसून ठरवता येतं, मी ते विमानातून उतरल्यावर ठरवलं. हे सांगताना एवढं लक्षात घे की माझं कॉलेज संलग्न होतं, तुझं ऑटोनॉमस असेल तर बऱ्याच गोष्टी कॉलेजच्याच हातात असतात आणि लवकर होऊ शकतात, शिवाय आता अभ्यासक्रमाचे पॅटर्न बदललेत, त्यामुळे नियम तुझ्या पॅटर्नचे बघ. पण शिक्क्याची कॉपी कुठल्याही पॅटर्नमध्ये लागते.

सर्टिफिकेटबद्दल पण ऐक. जर्मन त्साइगनिस, म्हणजे कंपनी देते ते कामाचं सर्टिफिकेट, आपल्यासारखं "यशस्वीरीत्या पूर्ण केले" नसतं, त्यातल्या वाक्यांना ठरलेले अर्थ असतात. माझ्यात "फोलन त्सुफ्रीडनहाइट" होतं, म्हणजे पूर्ण समाधान, मला वाटलं उत्तम. नंतर कळलं की ही तिसरी पायरी, मध्यम. सगळ्यात वरच्या पायरीला "श्टेट्स" आणि "फोलस्टन" असे दोन्ही शब्द लागतात, "श्टेट्स" आणि "फोलन" असेल तर दुसरी. निघायच्या महिनाभर आधी मसुदा माग, जर्मन येणाऱ्या कुणालातरी दाखव आणि इंग्रजी प्रतपण माग. शेवटच्या दिवशी मागशील तर घाईत एक पान हातात देतात.

आता तुझे प्रश्न. कुकर तीन लिटरचा, बूड इंडक्शनला चालणारं बघ. काळा मसाला भरपूर ने, डाळी आणि कोथिंबीर तिकडे तुर्की आणि इंडियन दुकानात मिळतात. तूप, पेढे नेऊ नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. जाड जॅकेट तिकडे घे, थर्मल इथून. रविवारी दुकानं बंद. खोलीचं डिपॉझिट देण्याआधी "अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होईल का" हे लेखी विचार, कारण राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, काही मालक तो देतच नाहीत. डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्या आणि बसला चालणारा महिन्याचा पास, 49 युरोचं होतं, 2026 पासून 63 झालंय. ते दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. परतायच्या महिन्यात हे बऱ्याच मुलांकडून राहतं.

पण हे सगळं नंतर. व्हिसासाठी पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाशील त्याच्या आधी अर्ज आवकला पडला पाहिजे. दिवाळीची सुट्टी लागली की खिडकी बंद आणि सुट्टीनंतर परीक्षांची गडबड. मसुदा मराठीत लिहिलास तरी चालेल, कंपनीचं आणि तुझं नाव झाकून इथेच टाक, रविवारी मला सुट्टी असते, बसून इंग्रजी करून देतो.