आधी ऑपरेशन नाही म्हणजे नाही

तुझा मेसेज वाचला. आईला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, म्हणजे स्तनाला सूज आणणारा कॅन्सर निघालाय, डॉक्टर म्हणतायत आधी केमो आणि मामा म्हणतोय "काढून टाका ना लगेच, केमो म्हणजे पैसे उकळायचे धंदे". धीर धर वगैरे मी लिहिणार नाही, ते सांगायला कॉलनीतले सगळे येतीलच. मी एकच सांगतो, क्रम मोडू नकोस. केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन.

यात बऱ्याचदा गाठ हाताला लागतच नाही, मॅमोग्राफीत पण कधीकधी धड काही दिसत नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लिम्फच्या नळ्यांत अडकून बसतात, पाणी तुंबतं, म्हणून ती सूज, तो गरमपणा, कातडी संत्र्याच्या सालीसारखी. पुस्तकात लाल लिहिलेलं असतं, आपल्या सावळ्या अंगावर ते जांभळट काळपट दिसतं. तुझ्या काकूला हाच झाला होता, तिच्या ब्राच्या शिवणीचा वळ सकाळचा दुपारपर्यंत जायचा नाही. मी बॉलपेनने डागाच्या कडेने रेघ मारून ठेवली होती, आठवडा व्हायच्या आत रंग रेघेच्या बाहेर, आणि एक डॉक्टर आपले इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक बदलून देतायत! त्याचा राग अजून गेलेला नाही, पण ते राहू दे, आईची बायोप्सी झालीये.

आता तू सांग, रोग कातडीभर पसरलेला असताना सर्जनने सुरी कुठून फिरवायची? टाके घालायचे तेही रोग असलेल्या कातडीलाच? केमोने ते आधी आखडतं, आणि शरीरात दुसरीकडे काही निसटलं असेल तर औषध तिथेही पोचतं. निदान होतं तेव्हाच हा किमान तिसऱ्या स्टेजचा धरतात. पूर्वी नुसतं ऑपरेशन करायचे तेव्हा शंभरातल्या पाच बायकासुद्धा पाच वर्षं काढत नव्हत्या. मामाला हे ऐकव.

आणि उलटंही होतं बरं का. केमोने सूज उतरली की घरचे म्हणतात बरी झाली, आता कशाला कापायचं. नाही! क्रम म्हणजे पूर्ण क्रम. पूर्ण स्तन आणि काखेतल्या लिम्फच्या गाठी काढायच्या, नंतर रेडिएशन. प्लास्टिक सर्जरी लगेच नको, आई विचारेल तेव्हा नीट समजाव, टाळू नकोस.

तुझी काकू गेली हे तुला माहीतच आहे. तिचे भाऊ आजही लग्नाकार्यात माझ्याशी बोलत नाहीत, म्हणतात आधी कापलं असतं तर वाचली असती, ह्याने हट्टाने केमोत वेळ घालवला. नसती वाचली, आणि होते ते दिवसही कमी झाले असते. मी तेव्हाही हेच म्हणालो, आजही हेच म्हणेन, त्यांना पटो न पटो.

असो. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) आणि ईआर-पीआर (हार्मोनची तपासणी) काय आलंय बघ, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं औषध लागतं, ते महाग आहे, महात्मा फुले योजनेत काय काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) आजच विचार. केमो नाशिकमध्येच होते, केमोच्या प्रत्येक फेरीला मुंबई गाठायची गरज नाही. सेकंड ओपिनियन हवंच असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने जा, दादरला उतर, टाटा हॉस्पिटल तिथून जवळ. जाताना लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाईड्स मागून घे, नुसता कागद नेऊन भागत नाही. पण त्यासाठी इथली केमो लांबवू नकोस.

मामाला माझा नंबर दे. मला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, भांडायचं तेवढं भांडू दे त्याला.