लंडनला जाण्याआधी लायब्ररी घेऊ का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. फिल्मसंगीताच्या एमएसाठी सप्टेंबरमध्ये लंडनला निघताय, तर ऑर्केस्ट्राच्या मोठ्या सॅम्पल लायब्ऱ्या, म्हणजे खऱ्या वादकांचे एकेक सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवता येतील असे संच, आधीच घेऊन ठेवाव्यात का? शिकता शिकता इंडी, म्हणजे कमी बजेटच्या स्वतंत्र फिल्म्सची कामं करून खर्च भागेल का? आणि तिकडे खरा ऑर्केस्ट्रा हाताशी येईल का? मी याच वाटेने इकडे आलो. सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो, कारण तिथे चुकलात तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थच उरत नाही.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण ती पगारी नोकरी. फिल्मचं संगीत करून दिग्दर्शकाला बिल पाठवणं त्यात बसत नाही. ‘छोटंसंच काम आहे, कोण बघतंय’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, व्हिसा तुमचा आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून फिल्म स्कूलच्या मुलांसोबत केलेली कामं वेगळी. तरीही काय चालतं आणि काय नाही, हे कॉलेजच्या व्हिसा विभागाकडून लेखी घ्या. पुढे डिग्रीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की फ्रीलान्स कामाची मुभा असते. म्हणजे शिकतानाचा खर्च इंडी फिल्म्सवर निघेल असं गणित मांडू नका. पैसे आधी जमवा.

आता लायब्ऱ्या. महागड्या आत्ता घेऊ नका. बहुतेक कंपन्या विद्यार्थ्यांना सवलत देतात आणि तुमच्या हातात काही महिन्यांत कॉलेजचं ओळखपत्र येणार आहे. शिवाय या लायब्ऱ्यांचे परवाने सहसा हस्तांतरित होत नाहीत, त्यामुळे न आवडलेली लायब्ररी कीबोर्डसारखी सेकंडहँड विकताही येत नाही. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची जी लायब्ररी स्पिटफायर या कंपनीने २०१९ मध्ये काढली, तिची ‘डिस्कव्हर’ नावाची हलकी आवृत्ती आहे. तिच्यावर तीन महिने लिहा. मोठी आवृत्ती ६०० जीबीच्या आसपास जाते. ती पेलणारी मशीन तुमच्याकडे आहे का, हा प्रश्न आधी.

एक गंमत लक्षात घ्या. ही लायब्ररी लंडनच्याच मेडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड झाली आहे. बर्लिनच्या टेलडेक्स स्टुडिओतली ऑर्केस्ट्रल टूल्स कंपनीची, व्हिएन्नाच्या मुद्दाम कोरड्या, म्हणजे न घुमणाऱ्या ठेवलेल्या स्टेजवरची व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीची, अशा त्या त्या खोल्यांची हवाच सॅम्पलमध्ये मुरलेली असते. एकीकडची व्हायोलिन्स आणि दुसरीकडची ब्रास एकत्र केली की दोन वेगळ्या गावांतले लोक फोनवर बोलतायत असं वाटतं. सांगायचं ते हे की लंडनची खोली तुमच्याआधी तुमच्या लॅपटॉपमध्ये पोचलेली आहे. तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायला नको.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही जवळपास हेच. इंडी फिल्मच्या बजेटमध्ये लंडनचा पूर्ण ऑर्केस्ट्रा बसत नाही. बुडापेस्ट, प्राग, स्कोपिये इथले ऑर्केस्ट्रे इंटरनेटवरून लाइव्ह ऐकत रेकॉर्ड करता येतात, आणि ते तुम्ही आत्ता जिथे बसलात तिथूनही करू शकता. कॉलेजात विद्यार्थी वादकांसोबत सेशन मिळतात, ती मात्र सोन्यासारखी. का ते सांगतो.

मी आलो तेव्हा माझ्या डोक्यात भक्कम समज होता की मला ऑर्केस्ट्रा लिहिता येतो. पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये मी लायब्ररीतल्या ‘फुल स्ट्रिंग्ज’ पॅचवर, म्हणजे सगळी तंतुवाद्यं एकत्र वाजवणाऱ्या तयार आवाजावर, दोन्ही हातांनी जाड कॉर्ड दाबले होते. पॅचमध्ये प्रत्येक सुराला अख्खा सेक्शन वाजतो. पाच सूर दाबले की पाच सेक्शन. इतकी माणसं कुठल्याच स्टेजवर नसतात, आणि कानाला ते नाव न देताही कळतं. नंतर तोच तुकडा एका चेलोवाल्या सहाध्यायीने बघितला आणि शांतपणे विचारलं, “यात श्वास कुठे घ्यायचा?” चेलोला कसला श्वास, असं मला वाटलं. तिला बो, म्हणजे गज, उलट दिशेने फिरवायची जागा म्हणायची होती. माझा एक सूर अकरा सेकंद एकाच जोरावर चालू होता.

तेव्हापासून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून भरतो: पहिली व्हायोलिन्स, दुसरी, व्हिओला, चेलो, बास. उजवा हात सुरांवर, डावा कीबोर्डवरच्या मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे सीसी १ या मिडी कंट्रोलवर. त्याने हळू वाजवलेल्या सॅम्पलमधून जोरात वाजवलेल्या सॅम्पलमध्ये जाता येतं, नुसता आवाज वाढत नाही, रंगही बदलतो. सीसी ११ या दुसऱ्या कंट्रोलने फक्त आवाजाची पातळी हलते. माउसने रेषा ओढून हे होत नाही असं नाही, पण हात थकतो तिथे वादकही थकतो, हा हिशोब माउसला नसतो. लेगॅटो, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात सलग जाणारे सॅम्पल उशिरा बोलतात, म्हणून तो ट्रॅक काही मिलिसेकंद आधी सरकवावा लागतो. किती, हे प्रत्येक लायब्ररीत वेगळं.

आपल्या कानाची एक खास अडचण सांगतो. आपल्याला चाल सुचते ती मींडेसकट. लेगॅटोमध्ये या सुरावरून त्या सुरावर जाणं रेकॉर्ड केलेलं असतं, पण ती वाट त्या वादकाची. गंधारावरून मध्यमावर जाताना तुम्हाला हवा असलेला रेंगाळ तिथे नाहीच. सूर वरखाली ओढणारा पिच बेंड वापरला तर सोळा व्हायोलिनवादक एकाच बोटाने घसरल्यासारखे होतात. मी त्यावर एकच उपाय मानतो: मुख्य ओळ एका जिवंत वादकाकडून घ्यायची, खाली सॅम्पल. एका चेलोने खालची सगळी गर्दी खरी वाटायला लागते. पुढची लायब्ररी घेण्याचे पैसे त्या चेलोवालीला द्या.

लंडनला यायचं ते या माणसांसाठी आणि दिग्दर्शकांसाठी. दिग्दर्शक सूर-तालाच्या भाषेत बोलत नाहीत. “इथे त्याला अजून माहीत नाहीये” एवढंच सांगतात. ते शिकायला समोर बसावं लागतं. एडिटमध्ये आधीच कुठलंतरी टेम्प, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडचं संगीत लावलेलं असेल आणि दिग्दर्शक त्याच्या प्रेमात असेल, तर त्याला ते का आवडलं हे विचारा. बहुतेकदा वेग आवडलेला असतो, धून नाही. संवादांखाली चेलो जपून. पुरुषाच्या आवाजाच्या पट्ट्यातच तो बसतो आणि मिक्सिंगमध्ये पहिला बळी तुमचाच जातो.

ब्रिटनमध्ये टीव्हीचं काम २५ फ्रेम्सवर चालतं. २४ चा हिशोब धरून बसलात तर दहा मिनिटांत २४ सेकंदांचा फरक पडतो. फाइल मागतानाच फ्रेम रेट विचारा, टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ, चित्रावर छापून मागा. स्टेम्स, म्हणजे वाद्यगटांच्या स्वतंत्र फाइल्स, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये द्या, स्ट्रिंग्ज, ब्रास, तालवाद्यं वेगवेगळी.

फी नाममात्र असेल तेव्हा हक्क तरी राखा. पीआरएसचे, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे सभासद झालात की सादरीकरणाचा हक्क त्यांच्याकडे जातो, त्यामुळे ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असा करार तुम्हाला करताच येत नाही. हे दिग्दर्शकाला आधी सांगा, आणि क्यू शीट, म्हणजे फिल्ममध्ये कुठे कोणाचं किती संगीत आहे याची यादी, स्वतः भरा. तुम्ही आधीच आयपीआरएसमध्ये, म्हणजे भारतातल्या अशाच संस्थेत असाल, तर कुठल्या प्रदेशाचे हक्क कोणाकडे हे निघण्याआधी त्यांना विचारा. ब्रिटनमध्ये थिएटरात फिल्म लागली तरी संगीताची रॉयल्टी मिळते, अमेरिकेतल्या थिएटरांकडून मिळत नाही.

आणि सामान. मी आयलॉकचा डोंगल, म्हणजे ज्याच्यात सॉफ्टवेअरचे परवाने असतात ती यूएसबी किल्ली, चेक-इन बॅगेत टाकला होता. बॅग चार दिवसांनी आली, आणि त्या चार दिवसांत एका मित्राच्या फिल्मची डिलिव्हरी होती. डोंगल, सॅम्पलची एसएसडी आणि तिची दुसरी प्रत खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. जुन्या प्रोजेक्टमधला प्रत्येक ट्रॅक आत्ताच ऑडिओत काढून ठेवा, नव्या मशीनवर ते प्लगइन उघडतीलच असं नाही. पियानोसारख्या जड कळांचा कीबोर्ड मात्र नेऊ नका. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला संगीत ऐकू येत नाही, नुसती कळांची धडधड येते, आणि तो रात्री साडेअकराला दार वाजवतो.