दान मालकाच्या मनावर सोडू नका

कंपनीला २५ वर्षं झाली, आता दरवर्षी काही समाजकार्य करायचंय, उलाढाल ४० कोटी, नफा दोन कोटी, सीएसआर (कायद्याने कंपनीला समाजकार्यावर करावा लागणारा खर्च) लागू होतं का, असं तुम्ही विचारलंय. ते आधी उरकतो. नक्तमूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तरच कंपनी कायद्याचं कलम १३५ लागतं. तुम्ही मोकळे आहात.

आता खरा प्रश्न: हे टिकणार कसं? टाटांचं नाव निघालं की लोक दातृत्वाबद्दल बोलतात. मला त्यांची रचना जास्त महत्त्वाची वाटते. टाटा सन्स या समूहाच्या मुख्य कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर समाजकार्य करणाऱ्या ट्रस्टांकडे आहेत, म्हणजे लाभांशाचा मोठा वाटा आपोआप तिकडे जातो. अध्यक्ष कोण, त्याचा मूड कसा, यावर ते अवलंबून नाही. संस्थापक जमशेटजींचे पुत्र दोराबजींनी १९३२ मध्ये आपली संपत्ती ट्रस्टला दिली. त्यांच्या पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरासुद्धा पुढे ट्रस्टच्या कामासाठी विकला गेला. त्याच ट्रस्टमुळे १९४१ मध्ये परळचं कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं.

त्याहून जुनी, १८९२ ची जमशेटजींची शिष्यवृत्ती तर बक्षीस नव्हे, कर्ज आहे. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते हीच शिष्यवृत्ती घेऊन. छोट्या कंपनीला हे सहज जमण्यासारखं आहे. आयटीआयची फी काही लाखांत नसते.

उलट उदाहरण माझ्याच जुन्या नोकरीतलं. आम्ही एका शाळेला पाण्याचा फिल्टर दिला, फीत कापली, फोटो काढले. पुढच्या वर्षी कँडल बदलायला पैसे कुणी ठेवलेच नव्हते. दोन वर्षांनी गेलो तर फिल्टरवर खडूचे डबे ठेवलेले! देताना देखभालीचे तीन वर्षांचे पैसेही बाजूला काढा, नाहीतर देऊच नका.

लगेच ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, एवढा व्याप दोन-चार लाखांसाठी कशाला? नफ्याचा ठरावीक टक्का संचालकांच्या ठरावात लिहून घ्या आणि त्याचं खातं वेगळं ठेवा. खर्च ठरवणाऱ्या समितीत शॉप फ्लोअरवरचे दोघं तरी हवेत. गावातल्या शाळेत जूनमध्ये आधीच तीन कंपन्यांच्या वह्या वाटून झाल्यात, हे त्यांना घरच्या पोरांकडून कळलेलं असतं.