वाचकांचे प्रश्न : मूगडाळीची कचोरी नरम का पडते?

प्रश्न : मूगडाळीची कचोरी कढईतून काढताना छान फुगलेली आणि कुरकुरीत असते; पण तासाभरात तिची पारी नरम पडते आणि दुसऱ्या दिवशी ती वातड लागते. म्हणून मैद्यातले मोहन मी दर वेळी वाढवत गेले, तर गेल्या खेपेस चार कचोऱ्या तेलातच फुटल्या. पाव किलो मैद्याला मोहन नेमके किती घालावे आणि माझे आणखी कोठे चुकत असेल?
— एक वाचक भगिनी, अकोला

उत्तर : पाव किलो मैद्याला 55 ते 60 ग्रॅम तूप किंवा तेल, म्हणजे सपाट चार मोठे चमचे, पुरेसे होते. मोहन दोन्ही तळव्यांनी मैद्याला चांगले चोळावे आणि मूठ वळून पाहावी. मूठ वळली आणि बोटाने दाबताच ती भुगा होऊन सुटली, की प्रमाण साधले असे समजावे. मोहनामुळे मैद्याच्या कणांवर स्निग्धतेचा थर बसतो आणि पाणी घातल्यावर पिठात चिकट, लांब तंतू तयार होत नाहीत. पारी खुसखुशीत होते ती यामुळे. पण मोहन फार झाले तर पारीला धरून ठेवणारे तंतूच उरत नाहीत, आणि आपल्या चार कचोऱ्या फुटल्या त्याचे कारण बहुधा हेच असावे. पीठ साध्या पाण्यात सैलसर भिजवावे, पोळीच्या कणकेसारखे मळमळून गुळगुळीत करू नये आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे.

मात्र आपण विचारलेला नरमपणा मोहनाच्या प्रमाणाने जाणार नाही, कारण आपली कचोरी काढताना कुरकुरीत असते आणि नंतर मऊ होते. याचा अर्थ पाणी आत राहिले आहे आणि कचोरी निवत असताना ते पारीत झिरपते आहे. हे पाणी दोन ठिकाणी राहते : सारणात आणि स्वतः पारीत.

आधी सारणाचे पाहू. पाव किलो मैद्याला 100 ग्रॅम मूगडाळ दोन ते तीन तास भिजवावी, चाळणीत उपसून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि पाणी न घालता रवाळ वाटावी. दोन मोठे चमचे तेलात हिंग, जिरे, भरड कुटलेले धणे आणि बडीशेप घालून त्यावर दोन चमचे बेसन परतावे, मग डाळ घालावी. बेसन डाळीचा उरलेला ओलावा शोषून घेते, म्हणून ते वगळू नये. येथे घाई करू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. डाळीचा कच्चा वास गेला की पुष्कळजण गॅस बंद करतात; पण त्या वेळी सारण शिजलेले असते, कोरडे झालेले नसते. मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतत राहिल्यावर ते कढईच्या तळापासून सुटते, मोकळे होते आणि दाणे एकमेकांवर आपटल्यासारखा हलका आवाज येऊ लागतो. तिखट, मीठ, आमचूर आणि चिमूटभर साखर शेवटी घालावी. सारण पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नये, कारण कोमट सारणाची वाफ पारीला आतून भिजवते.

पारीसाठी साधारण 30 ग्रॅमचा उंडा आणि त्यात 15 ग्रॅम सारण असे धरले, तर तेरा-चौदा कचोऱ्या होतात. वाटी करताना कडा पातळ आणि मध्यभाग जाड ठेवावा. तोंड मिटल्यावर वर जमणारे जास्तीचे पीठ खुडून काढावे, नाही तर तेथे गाठ राहते आणि ती कच्ची राहते. मग लाटण्याऐवजी तळहाताने हलके दाबावे.

आता तळणे, आणि माझ्या मते आपली मुख्य अडचण येथेच आहे. तेल कडकडीत असेल तर पारी दोन-तीन मिनिटांत तांबूस होते, वर बारीक फोड येतात आणि आपण ती झाली असे समजून काढतो, पण आतला थर ओलाच असतो. कढईत पिठाची लहानशी गोळी टाकून पाहावी : ती काही क्षण तळाशी राहून मग सावकाश बुडबुडे सोडत वर यावी. तापमापक असल्यास 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तेल असावे. कचोऱ्या सोडल्यावर त्या आपोआप वर येईपर्यंत झारा लावू नये. नंतर अधूनमधून उलटत, आच न वाढवता, बारा ते पंधरा मिनिटे तळाव्यात. बुडबुडे जवळजवळ थांबले, म्हणजे पाणी गेले. प्रत्येक घाण्याआधी तेल पुन्हा थोडे निवू द्यावे, कारण पहिला घाणा उत्तम आणि दुसरा फोड आलेला, असे बरेचदा याच कारणाने होते. तळलेल्या कचोऱ्या जाळीवर सुट्या ठेवाव्यात. कागदावर एकावर एक रचल्यास त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते.

प्रश्न : मूगडाळीऐवजी उडदाची डाळ चालेल का?

उत्तर : अवश्य चालेल. राजस्थानातील कोटा येथील कचोरी उडदाच्या डाळीची आणि हिंगाच्या ठसठशीत स्वादाची असते. ही डाळ वाटल्यावर चिकट होते, म्हणून ती अधिक भरड ठेवावी आणि परतायला पाच मिनिटे जास्त द्यावीत.

प्रश्न : पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवता येतील का?

उत्तर : येतील. मंद आचेवर फिकट बदामी रंगापर्यंत तळून पूर्ण निववाव्यात आणि घट्ट डब्यात ठेवाव्यात. वाढण्यापूर्वी मध्यम तापलेल्या तेलात दोन-तीन मिनिटे पुन्हा तळून रंग आणावा. सारणात कांदा किंवा ओले वाटण घातले असेल, तर मात्र त्या त्याच दिवशी संपवाव्यात.