तालुक्याच्या गावी नागरिक मंच काढतोय, मतदार जागृतीचे उपक्रम कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न वाचला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. तुम्ही दहा-बाराजण मिळून मंच काढताय, मतदार जागृतीसाठी उपक्रम हवेत, आणि नगरपरिषदेकडे मागण्या कशा लावून धरायच्या हेही विचारलंय. उपक्रम म्हटलं की माझं डोकं उठतं. रांगोळी स्पर्धा, प्रभातफेरी, मानवी साखळी, 25 जानेवारीला मतदार दिनाची शपथ. सगळं करून झालंय आमचं. फोटोपण आहेत.

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान चालवतो. कचेरीजवळच आहे, त्यामुळे गावाचा प्रत्येक कागद कधी ना कधी माझ्या काचेवर पालथा पडतो. आमचाही मंच होता. पाण्यावरून सुरू झाला. नळ नवव्या दिवशी, तोही रात्री अडीचला, कोण गप्प बसेल? अध्यक्ष होते नाना, आमच्याच गल्लीतले, निवृत्त शिक्षक. नानांचं भाषण 1936 च्या फैजपूर काँग्रेसपासून सुरू व्हायचं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, तेही आपल्या खान्देशात, अभिमान मलाही आहे. पण नाना फैजपूरहून आमच्या पाइपलाइनीपर्यंत येईतो चहाचे दोन राऊंड व्हायचे.

2016 च्या नगरपरिषद निवडणुकीआधी प्रभागनिहाय प्रारूप, म्हणजे कच्ची, मतदार यादी लागली. हरकतीला मोजके दिवस. मी बैठकीत म्हटलं, नाना, यादी आणू, गल्लीवार पानं वाटून घेऊ आणि घरोघर जाऊन नावं टिपू. नाना म्हणाले, ते राजकारण्यांचं काम, त्यांची पोरं करतात, आपण जनजागृती करायची. पाच विरुद्ध अकरा मतांनी फलक जिंकला. 'लोकशाहीचा उत्सव' असं लिहिलेला, बारा बाय आठचा, चौकात.

मतदान 27 नोव्हेंबरला होतं. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते, अर्धं गाव बँकेच्या रांगेतून उठून मतदानाच्या रांगेत आलेलं. मी सकाळपासून नानांबरोबर टोपी घालून चौकात उभा. साडेचारला मायला घेऊन शाळेत गेलो, वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. चिठ्ठीवाल्या पोरांनी तीन याद्या उलट्यापालट्या केल्या. नाव नाही. मायने मलाच विचारलं, "मन्हं नाव कोठे गयं रे भाऊ? मी मरी गऊ का?"

नाव सापडलं, पण रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या प्रभागात. तिचं एकटीचं नाही, आमच्या गल्लीची उजवी बाजू जवळजवळ सगळी तिकडे. म्हणजे समोरचे नाना आणि माय वेगवेगळ्या प्रभागात. मी सकाळी साडेसातलाच मत देऊन आलो होतो, कारण माझं नाव दुसऱ्या पानावर होतं आणि ते पान इकडेच राहिलं. एकाच घरातले मायलेक दोन प्रभागांत, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मायला मोटारसायकलवर बसवून निघालो तर फाटक पडलेलं. मालगाडी गेली, मग एक एक्सप्रेस, मग परत मालगाडी. भुसावळच्या अंगाला राहणाऱ्यांना हे फाटक काय चीज आहे सांगायला नको. पलीकडच्या शाळेत पोचलो तेव्हा पाच चाळीस झाले होते. साडेपाचला जे आत रांगेत असतात त्यांना चिठ्ठ्या वाटून दार लावतात. दार लागलं होतं.

परत येताना चौकात फलक आडवा आला. माय म्हणाली, "तू बोर्ड लावस, यादी नई वाचस." बस, एवढंच.

आता यातलं कळीचं ऐका, कारण हे तुम्हाला कुठल्या शपथेत सांगणार नाहीत. राज्य निवडणूक आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात आणि तीच प्रभागांत फोडतात. 2025 ला 1 जुलैची घेतली. त्यानंतर कुणी नाव नोंदवलं असेल तर ते पुढच्या विधानसभेला चालेल, त्या नगरपरिषद निवडणुकीला चाललं नाही. प्रारूप यादीवर हरकतही तीनच गोष्टींची ऐकतात: विधानसभेत नाव आहे पण प्रभागात नाही, चुकीच्या प्रभागात गेलंय, किंवा लिहिण्यातली चूक. "माझ्या पोराचं नाव घाला" हा अर्ज तिथे रद्दी. यादी फोडणारा कर्मचारी बसतो यादीचा भाग पुढ्यात घेऊन, घर क्रमांकाचा रकाना निम्मा कोरा असतो, मग तो अनुक्रमांक बघून रेघ मारतो. रेघ गल्लीच्या मधून गेली की आमच्यासारखं होतं. हे पकडायला त्या गल्लीत राहणारा माणूस लागतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

म्हणून तुमच्या मंचाचा उपक्रम एकच: यादी वाचन. वर्षभर. नाव नोंदणीला आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे निवडणूक लागायची वाट बघू नका. अठरा पूर्ण झालेल्यांचा नमुना 6, वारलेल्यांचा 7, पत्ता बदललेल्यांचा 8. आमच्याकडे लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं वर्षानुवर्षं माहेरीच राहतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या झोका खेळायला येतात तेव्हा धरायचं एकेकीला, सासरच्या पत्त्यावर नमुना 8 भरून घ्यायचा. आखाजीला पुरुषमंडळी पत्त्यांच्या डावावर असतात, त्यांच्याकडून काही होत नाही, बायांनाच हाताशी धरा.

बैठक पाण्याच्या दिवशी ठेवू नका. कापूस वेचणीत ठेवू नका. आणि मे महिन्यात ठेवाल तर सूर्य बुडाल्यावर. 2024 ला आमचं लोकसभेचं मतदान 13 मेला होतं, दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

मागण्यांचं विचारलंत, ते थोडक्यात सांगतो. मंचाचं लेटरहेड छापू नका. माहिती अधिकाराचा अर्ज एका नागरिकाच्या नावानेच करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत. आमचा पहिला अर्ज नानांनी चार पानी लिहिला होता, प्रस्तावनेसकट. 'पाइपलाइन कधी होणार' असं विचारलं तर 'कार्यवाही सुरू आहे' येतं. त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेलं काम मापून लिहितात ती वही) आणि अदा केलेल्या बिलांची प्रत मागा, दोन रुपये पान पडतं. तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील. लोकशाही दिनालाही तेच, कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तक्रार वैयक्तिक लागते, संस्थेची म्हणाल तर बाजूला ठेवतात. साध्या अर्जावरही आवक शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत होते, मागणी त्याच्या आधी द्या. एप्रिलमध्ये दिलेल्या मागणीला पैसे कुठून येणार?

आणखी एक. मंचातला कुणी निवडणुकीला उभा राहणार असेल तर त्याने सहा महिने आधी बाहेर पडायचं, हे पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. आमचे उपाध्यक्ष त्या वर्षी उभे राहिले, आणि चौकातल्या फलकाचे पैसे कुणी दिले होते ते मला निकालानंतर समजलं. नानांना आधीपासून माहीत होतं असं माझं म्हणणं आहे. ते नाही म्हणतात. त्यानंतर मंच उरला नाही.

माय 2021 मध्ये गेली. नगरपरिषदेची मुदत त्याच सुमाराला संपली, पुढे प्रशासक, कोर्ट, आरक्षण, आणि पुढची निवडणूक लागली ती थेट डिसेंबर 2025 ला. म्हणजे त्या फाटकानंतर नगरपरिषदेला मत द्यायची तिची पाळी परत आलीच नाही.

आता जे आधीच लिहायला हवं होतं ते लिहितो. फेऱ्यांनी काहीच होत नाही असं नाही. नानांच्या फेरीमुळे आमच्या भागातल्या कितीतरी बाया पहिल्यांदा बैठकीला आल्या, आणि पाण्याच्या मोर्चात पुढे त्याच होत्या. हरकतींचे दिवस आणि नियम दर निवडणुकीला वेगळे निघतात, सूचना लागली की स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका. आणि ती प्रारूप यादी? ती त्या आठवड्यात माझ्याच दुकानात होती. चार उमेदवारांची पोरं रात्री अकरापर्यंत प्रती काढून नेत होती, दिवाळीपेक्षा जास्त धंदा झाला. आमच्या गल्लीचं पान माझ्या हातून कमीत कमी चाळीस वेळा गेलं असेल. मी फक्त शाई नीट उमटली का ते बघत होतो.

हे मी नानांना कधी सांगितलं नाही. ते आता झेरॉक्सला समोरच्या दुकानात जातात. 2025 ची प्रारूप यादी लागली तेव्हा मात्र आले, काही न बोलता काउंटरवर आमच्या गल्लीची पानं ठेवली आणि बोट दाखवून म्हणाले, दोन प्रती. एक घेऊन गेले, एक ठेवून गेले. पैसे अजून द्यायचे आहेत त्यांनी.