9 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी आफ्रिकन ढंगाचं स्पेस ॲडव्हेंचर ग्राफिक नॉव्हेल करायचंय, खरा आधार कुठून घेऊ?

झांबियाच्या 1964 च्या स्पेस प्रोग्रामवरून घ्या, या वयाच्या मुलांसाठी याहून भारी आधार शोधून सापडणार नाही. देश नुकता स्वतंत्र होत होता आणि एडवर्ड मकुका न्कोलोसो नावाचे शाळामास्तर राजधानी लुसाकाजवळ तरुण पोरापोरींना अंतराळवीर व्हायचं ट्रेनिंग देत होते, म्हणजे काय तर तेलाच्या रिकाम्या ड्रममध्ये बसवून उतारावरून गडगडत सोडायचं आणि झोका पार वर गेला की दोर कापायचा, तेवढंच क्षणभर वजन नसल्यासारखं वाटतं! 17 वर्षांची मॅथा म्वाम्बा आणि दोन मांजरं रॉकेटमधून जाणार होती, पैसेच मिळाले नाहीत म्हणून राहिलं, तिथून पुढचं उड्डाण तुमच्या गोष्टीत होऊ दे. तेव्हाचं ब्लॅक अँड व्हाइट न्यूज फुटेज ऑनलाइन आहे, त्यात हेल्मेट, ड्रम सगळं दिसतं, चित्रकाराला आयता मसाला. फक्त एक सांभाळा, परदेशी पत्रकारांनी तेव्हा त्यांची टर उडवली होती, तो सूर पुस्तकात नको, न्कोलोसो स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला माणूस होता. आणि नावं, कपडे झांबियाचेच ठेवा, केनिया-टांझानियातल्या मसाई लोकांचे मणी नि घानाचं केंटे कापड एकाच पात्राला चढवलं की मुलांना अख्खी आफ्रिका एकच देश वाटायला लागते.