सायकल ऑनलाइन घ्यावी की चौकातल्या दुकानातून?

सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि तेव्हापासून या सदराकडे सायकलींचीच पत्रं येतायत. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली चार घेतलीत. एका पत्राचं उत्तर जरा लांबलंय, इलाज नव्हता.

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा आहे, गियरची सायकल हवीये. इथल्या दुकानात जी ११,५०० ला सांगतात, अगदी तशीच दिसणारी ऑनलाइन ८,९९९ ला आहे, घरपोच. दुकानदाराला फोनवर भाव दाखवला तर म्हणाला, 'मग तिकडूनच घ्या ताई.' एवढा माज? घेऊन टाकू का ऑनलाइन?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर: ताई, दिवसातून दहा जणांनी तोंडासमोर स्क्रीन धरला की माणूस असंच बोलतो, ते सोडून द्या. 'तशीच दिसणारी' इथे मात्र थांबा. मॉडेलचं नाव आणि नंबर जुळतोय का बघा, कारण काही सायकली फक्त ऑनलाइनसाठीच काढलेल्या असतात आणि रंग-स्टिकर सारखे असले तरी ब्रेक, फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दात्यांचा संच), शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) हलके असू शकतात. आणि जीएसटी दोन्हीकडे सारखाच आहे, ऑनलाइनला टॅक्स कमी वगैरे काही नसतं.

दुसरं म्हणजे साइज. लिस्टिंगवर '१२ वर्षांपुढे २६ इंची' असं छापलेलं असतं, पण सायकल वयावर बसत नाही, पायाच्या लांबीवर बसते. मुलगा दोन्ही पाय टेकवून फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर उभा राहिला की नळी आणि त्याच्यामध्ये एक-दोन इंच तरी जागा हवी. साडेचार-पावणेपाच फुटांच्या मुलाला बहुतेक वेळा २४ इंचीच बरी पडते, पण आपल्याकडे 'वाढत्या अंगाची घ्या' म्हणून २६ घेतात आणि मग पोरगं टाचा उचलून ब्रेक मारतं. दुकानात हे दोन मिनिटांत कळतं, फोटोवरून नाही कळत.

आणि बॉक्सवर '८५ टक्के असेंबल्ड' लिहिलेलं असतं ना, तर उरलेल्यात काय काय येतं बघा: हँडल, पुढचं चाक, पायडल, सीट, शिवाय ब्रेक आणि गियरची सेटिंग. घरात कोणाला पाना-ॲलन की चालवता येत असेल तर खुशाल मागवा, मी अडवणार नाही. नाहीतर फिटिंगचे आणि पहिल्या सर्व्हिसचे पैसे त्या ८,९९९ मध्ये मिळवा आणि मग फरक किती राहतो ते बघा. मला विचाराल तर पोराची पहिली गियरची सायकल दुकानातूनच घ्या, फक्त भाव पाडायला जाऊ नका, त्याऐवजी स्टँड, मडगार्ड आणि दोन सर्व्हिस त्याच पैशात मागा. हे देताना दुकानदार फारसा कुरकुरत नाही. बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या, तो बहुतेक सायकलींना खाली, पायडलचा एक्सल जातो त्या नळीवर ठोकलेला असतो. वॉरंटीला लागतो आणि सायकल चोरीला गेली तर पोलिसात पण लागतो.

प्रश्न: ऑनलाइन सायकल मागवली, यूट्यूब बघून घरीच जोडली. चालवताना हँडल भलतंच थरथरतं, पुढच्या चाकाला पायातला बूट लागतो आणि डावं पायडल सारखं ढिलं होतं. जवळच्या मेकॅनिककडे नेली तर हातच लावेना, 'जिथून घेतली तिथे न्या' म्हणाला. आता कुरिअरवाल्याकडे नेऊ का?
– नाव छापू नका, चिंचवड

उत्तर: आधी चालवणं बंद करा. बूट लागतो म्हणताय त्यावरून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा बसलाय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. बॉक्समधून काढताना हँडल फिरतं आणि चिमटा मागेपुढे होतो, डिस्क ब्रेक असेल तर ओळखणं सोपं आहे: सीटवर बसल्यावर पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, आपल्या डाव्या हाताला आणि चिमट्याच्या मागच्या बाजूला दिसला पाहिजे. उजवीकडे आणि पुढे आला असेल तर उलटाच आहे. तसा असताना जोरात ब्रेक लागला तर काहीही होऊ शकतं, म्हणून म्हटलं बंद करा.

पायडलचं म्हणाल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की ते घट्ट होतं. पायडलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं ते बघा. अदलाबदल करून जोर लावून बसवलं असेल तर क्रँकचे, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याचे, आटे गेले असतील आणि मग तो दांडाच बदलावा लागेल.

मेकॅनिकचं वागणं मला पटलं नाही, पण कारण कळतं. अशी सायकल हातात घेतली की आधीच्या सगळ्या चुका त्याच्या नावावर येतात. दुसरीकडे जा आणि सुरुवातीलाच सांगा, 'पूर्ण फिटिंगचे पैसे देतो, उघडून परत जोडा.' बघा किती फरक पडतो बोलण्यात. आणि सायकल मुळातच खराब आली असेल, म्हणजे चिमटा वाकडा, रिम फुटलेली असं काही, तर ते वेगळं प्रकरण. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. नाही लावला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढच्या वेळी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

प्रश्न: वडिलांपासूनचं सायकलचं दुकान आहे. आता गिऱ्हाईक येतं, पोराला तीन सायकलींवर बसवून बघतं, साइज विचारतं आणि काउंटरसमोर उभं राहून ऑर्डर फोनवरून करतं. वर पंधरा दिवसांनी तीच सायकल गियर लागत नाही म्हणून घेऊन येतं! कधी कधी ऑनलाइनचा भाव माझ्या खरेदीपेक्षा खाली असतो. दुकान बंद करून मोबाइल ॲक्सेसरीज टाकू का?
– एक दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, सहा मोबाइलची दुकानं तुमच्या गल्लीत आधीच असतील, तिथेही ऑनलाइनच मारतंय. थांबा जरा.

भावात तुम्ही जिंकणार नाही, हे एकदा मान्य करून टाका. त्यांचा माल घाऊक, गोडाऊन शहराबाहेर, आणि सेलमध्ये तोटा सोसायची ऐपत आहे. तुमचं भांडवल मात्र चार साइज आणि पाच रंगांत अडकून पडलेलं, वर भाडं आणि दुकानातल्या पोराचा पगार. पण तुमच्या वडिलांच्या वेळेला काय होतं आठवा. काळी २२ इंची फ्रेमची सायकल लुधियानाहून की सोनीपतहून सुटी यायची, फ्रेम वेगळी, रिंगा (रिम) वेगळ्या, स्पोकच्या तारांचा जुडगा वेगळा, आणि तारा भरून, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढून सायकल उभी करायचे ते तुमचे वडील. ती मजुरी भावातच धरलेली असायची, वेगळी कोणी मागितली नाही आणि गिऱ्हाइकाला दिसलीही नाही. आज घोळ तिथेच झालाय. सायकल फॅक्टरीतून तयार येते असं लोकांना वाटतं, तुम्ही मागच्या खोलीत तासभर खपता ते कोणाला माहीतच नाही, मग वरच्या पहिल्या पत्रातले ११,५०० त्यांना लूट वाटणारच.

म्हणून मजुरी वेगळी लावा आणि भिंतीवर लिहा. ऑनलाइन सायकल फिटिंग अमुक रुपये, आउट काढणे अमुक, गियर सेटिंग अमुक, ओव्हरऑइलिंग (सगळं उघडून, साफ करून, ग्रीस भरून परत जोडणं) अमुक. तुमच्याकडून घेतली तर फिटिंग आणि वर्षभराची सेटिंग फ्री. बाहेरची सायकल आली तर परत पाठवू नका राव, तीच तर कमाई आहे! सायकल विकून जेवढे सुटतात त्यात तुमचे पैसे महिनोन्महिने अडकलेले असतात, फिटिंगमध्ये फक्त हात आणि ग्रीस लागतं. पंधरा दिवसांनी गियर घेऊन येणाऱ्याचा पाठवणीत हँगर (मागचा गियर लटकतो ती पट्टी) वाकलेला असतो, नाहीतर नवीन केबल ताणून सैल झालेली असते. सरळ करा, पैसे घ्या, टोमणा मारू नका. टोमणा ऐकून गेलेला माणूस पुढची ट्यूबसुद्धा ऑनलाइन घेतो.

फुकट साइज बघणाऱ्यांसाठी काही जण छोटी फी घेतात आणि सायकल घेतली की वजा करतात. मला हे आपल्याकडे चालेलसं वाटत नाही, गावात नाव खराब होईल. त्यापेक्षा एक्स्चेंज करा. पोरांची सायकल दोन-तीन वर्षांत लहान पडते आणि मग गच्चीवर गंजत पडते. २० इंची परत घ्या, ओव्हरऑइल करून दुसऱ्या पोराला विका, २४ इंची या घराला द्या. बॉक्स पाठवणाऱ्याला गल्लीतल्या गच्चीवरची सायकल उचलायला येणं परवडत नाही. आणि स्टॉकचे फोटो भावासकट व्हॉट्सॲपवर टाकत जा, 'दुकानात या, सांगतो' म्हटलं की लोक येत नाहीत.

२०२० च्या लॉकडाऊननंतर सायकल मिळेना तेव्हा काही दुकानदारांनी वाटेल तो भाव लावला होता, ते गिऱ्हाईक अजून विसरलेलं नाही. तुम्ही त्यातले नसाल, पण भरून तुम्हालाच काढावं लागतंय.

प्रश्न: टायर-ट्यूब ऑनलाइन घेऊन बसवायला दुकानात नेली तर वाईट दिसतं का?
– कॉलेजवाला, डोंबिवली

उत्तर: नाही दिसत, बसवायचे किती ते आधी विचार म्हणजे झालं. पण चुकीची मागवशील ती भीती जास्त आहे. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही 'सव्वीसच' म्हणून विकतात, पण रिमचा व्यास वेगळा, पहिल्याचा ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०, एकाचं टायर दुसऱ्यावर जन्मात बसणार नाही. जुन्या टायरच्या कडेला आकडे उठवलेले असतात त्याचा फोटो काढून ठेव, आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे की बारीक ते पण बघ.